कानामागचं की आतलं

३ मार्च, मंगळवार

दिसलं नाही पाहिजे! बाकी माझी काही अट नाही. कानाच्या बाईंना आत शिरल्या शिरल्या हेच सांगितलं. त्यांनी टेबलावर तीन मशिनं मांडली. एक कानामागे अडकवायचं, त्याची नळी कानात जाते. एक कानाच्या खोबणीत भरायचं. आणि तिसरं वाटाण्याएवढं – आत गेलं की गायब. मी लगेच त्याच्यावर बोट ठेवलं.

"आधी हात दाखवा," म्हणाल्या. मला वाटलं भविष्य सांगतात की काय! तर माझ्या बोटांची टोकं चाचपून बघितली. सव्वीस वर्षं भाजल्या मातीवर घासून पार बोथट झालीत. "या बोटांनी एवढासा सेल बदलता येईल का? आणि तुम्हाला ऐकू बरंच कमी येतंय. छोट्यात तेवढा जोर नसतो." मी हट्टाला पेटलेली. शेवटी, "दोन आठवडे वापरून बघा, मग बोलू," म्हणाल्या.

४ मार्च, बुधवार

का दिसायला नको ते इथेच लिहिते, दुसरीकडे बोलायची सोय नाही. माझं कामच कानाचं. पहिल्या भट्टीतून आलेला कप तळहातावर घ्यायचा, लाकडी काठीने हलकेच ठोकायचा, ऐकायचं. धड कप टणन् वाजतो. आत तडा असला की थप्. डोळ्यांना तो तडा दिसत नाही. धड कप ट्रॉलीवर, तडकलेला टोपलीत. कारखान्यात माझं नावच 'कान' पडलंय. "आज कान रजेवर का?" असं विचारतात. त्या स्टुलावर मी मशीन लावून बसू? दुसऱ्या दिवशी स्टूल दुसरीचं! मग मी कोण उरले?

आणि कामात कुठे खोट आहे? दोन वर्षांत बाजारातून तडकलेला म्हणून एक कप परत आलेला नाही. हे म्हणतात, "कपांचं बरं ऐकू येतं, माझंच येत नाही."

"तुम्ही टणन् वाजत नाही ना!"

७ मार्च, शनिवार

छोटं मशीन घालून दुपारभर खिडकीशी बसले. पडदा हलताना आवाज होतो! विसरूनच गेले होते. हे आंघोळ करताना गुणगुणतात, तेही. मला वाटायचं, कधीच सोडलं. पण सगळं अर्धवट, ऊन पाण्यात पडल्यासारखं – हाताशी येतं आणि हलतं. मग मशीन काढलं. पुन्हा जाड रजई पांघरल्यासारखी शांतता. खोटं कशाला बोलू, तीही आवडते मला. डोळा लागला तर स्वप्नात ओळीने कप, छतापर्यंत. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. काहीतरी सांगत होते आणि मी मान हलवत होते, हो हो म्हणून.

१० मार्च, मंगळवार

घात झाला! कामावरच मशीन कानात शिट्ट्या मारायला लागलं. कुणाला ऐकू जाईल म्हणून घाईने काढलं. हात मातीने भरलेले, खिसा धुळीने. म्हणून समोरच्या कपात ठेवलं, जपून! आणि वळून बघते तर ट्रॉली गेलेली. फळीच्या भिंतीपलीकडे, मुंगीकडे. मुंगी म्हणजे ट्रॉल्या झिलईच्या खोलीत पोचवते ती. चणीने एवढीशी, कामाला भारी सावकाश. सगळे घरी गेले तरी हिचं चाललेलं, रोज बस चुकते. शेकडो कप, त्यातल्या एकात माझं मशीन. उद्या झिलई चढून भट्टीत जाणार! विचारायची सोय नाही. विचारलं की बिंग फुटलं.

११ मार्च, बुधवार

सकाळी मुंगी समोर उभी. मूठ उघडली. "ताई, हे तुमच्या कपात होतं." जीव भांड्यात पडला! मी ते झटकन रुमालात बांधलं. एवढ्या कपांतून हिला तोच बरा सापडला! असते एकेकीची नजर.

१४ मार्च, शनिवार

बाईंना सगळं सांगून टाकलं. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "मशीन कानाला आणि बोटांना विचारून निवडायचं. आरशाला नाही." कानामागचं घेतलं. राखाडी, केसांत मिसळणारं. सेल मोठा, माझ्या बोटांना सापडतो. घरी यांनी मागून हाक मारली. हळूच, नेहमीसारखी ओरडून नाही. मी वळले.

१६ मार्च, सोमवार

केस कानांवर ओढून कामाला गेले. पहिला कप ठोकला आणि हातच थांबला. किती लांबवर जातो तो टणन्! दुसऱ्या टोकाला कुणी वाट बघत असावं असा.

पण दुपारपर्यंत टोपलीत अकरा कप. इतके दिवस एखाददुसरा असायचा. भट्टी बदललेली नाही, माती तीच. मग हे तडकलेले आजवर गेले कुठे? माझ्या हातूनच गेले असणार ना? मग बाजारातून एकही परत का आला नाही?

१७ मार्च, मंगळवार

घंटा झाली, सगळे गेले. मी पिशवी घ्यायला परत वळले तर फळीपलीकडून – टणन्. टणन्. टणन्.

डोकावले. मुंगी माझ्या ट्रॉलीपाशी उभी. हातात काठी, तळहातावर मी पास केलेला कप.

"कधीपासून गं?"

दचकली. मग म्हणाली, "दोन वर्षं होतील, ताई. पण काल-आज तडकलेला एकही निघाला नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

उद्या केस वर बांधून जायचं. मुंगीने आता वेळेवर घरी जावं.