गाडीत बसून राहिलेला माणूस

सॅनपीट, युटा
८ फेब्रुवारी १९८८

चि. थेन यास आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझे बाबा जाऊन महिना होत आला. मी बरी आहे. जेवते, झोपते, शेडमधल्या टर्की पक्ष्यांना दाणा घालते. घर खायला उठतं म्हणतात, तसंही काही होत नाही. नुसतं शांत आहे. बायकांनी दिवसकार्याला आणलेले चीज घातलेले बटाटे अजून फ्रीजमध्ये आहेत आणि भांडी कोणाकोणाची ते कळेनासं झालंय. भांड्याखाली नाव चिकटवायची पद्धत काढली कशाला, जर कोणी चिकटवतच नाही तर?

चर्चमध्ये जो तो तुझं कौतुक करतो. बाप गेला तरी पोरगं धर्मप्रचाराचं दोन वर्षांचं मिशन सोडून आलं नाही, धन्य ती माउली, वगैरे. मी हसते. तुझ्या मिशनच्या अध्यक्षांनी फोनवर मला विचारलं होतं, त्याला घरी पाठवू का, तेव्हा मी म्हटलं होतं की थेन ठरवेल ते. तू त्यांना म्हणालास म्हणे, की आई म्हणेल ते. म्हणजे ठरवलं कोणीच नाही आणि धन्य मात्र दोघंही झालो.

आता कामाचं. बाबा हयातीत कधी आपल्या चर्चच्या मोठ्या मंदिरात गेले नाहीत हे तुला माहीत आहे. आमचं लग्नही वॉर्डाच्या, म्हणजे गावातल्या मंडळीच्या, सभागृहातच झालेलं. वर्ष सरलं की त्यांच्या नावाने कोणीतरी आत जाऊ शकतं, त्यांचे विधी करू शकतं आणि मग मी आणि ते कायमचे एकमेकांचे होऊ. लेलँडकाका म्हणाले, मी जातो भावासाठी. पण मला तू हवा आहेस. तू पुढच्या फेब्रुवारीत परत येशीलच. बाबांच्या नावाने तू उभा राहशील का, एवढं सरळ लिही. आढेवेढे नकोत.

मायेत खंड नको.
आई

*

मायनॉटजवळ, नॉर्थ डकोटा
१५ फेब्रुवारी १९८८

ती. आईस, बोटं गारठली आहेत म्हणून नमस्कार आखूड, पण मनात पुरा. वि. वि.

इथे थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठते असं लोक सांगतात. एल्डर लेआवासाने करून बघितलं. प्रचारातला माझा हा नवा जोडीदार सामोआ बेटाचा, दारातून आडवं होऊन शिरावं लागणारा गडी, आणि थंडी त्याला सोसत नाही. एकावर एक तीन पायजमे घालतो आणि वरून मलाच विचारतो, की देवाने इथे माणसं ठेवली ती काय रागाने? दिवसभर गातो. नियमाप्रमाणे आम्ही एकमेकांच्या नजरेआड होत नाही, त्यामुळे ते गाणं मला टळत नाही.

कामाची रड आहे. ज्या बाईंचा बाप्तिस्मा या शनिवारी ठरला होता, त्यांच्या नवऱ्याने दार उघडलं, आमच्याकडे नीट बघितलं आणि नीटच लावून घेतलं. लेआवासा रडला. मी रडलो नाही. आई, मला बाबांसाठीसुद्धा रडू आलेलं नाही. अध्यक्षांनी बातमी सांगितली तेव्हा मी म्हटलं, बरं. मग आम्ही ठरलेल्या घरी जाऊन धर्माचा पाठ घेतला. सगळे म्हणतात, केवढी श्रद्धा! श्रद्धा कुठली. दंतवैद्याने सुई टोचल्यावर गाल होतो, तसा मी आतून झालोय.

तू सरळ लिही म्हणालीस म्हणून लिहितो. काकांना जाऊ दे. मी मिशनला निघण्याआधी पहिल्यांदा मंदिरात गेलो, तेव्हा माझ्या बरोबरीच्या प्रत्येक पोराचा बाप त्याच्याशेजारी होता. माझ्यासोबत तू होतीस, तूही पहिल्यांदाच. बाबा टेकडीखाली गाडीत बसून राहिले. कारण काय, तर टर्क्या आजारी आहेत, मध्येच जावं लागेल. गेले तर नाहीतच. आपण बाहेर आलो तेव्हा म्हणाले, झालं? चला, पक्ष्यांना दाणा घालायचाय. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी एवढंच. जो माणूस माझ्यासाठी आत आला नाही, त्याच्यासाठी मी आत जाऊन काय करू? राग नाही गं. राग असता तर बरं झालं असतं.

लोभ असेल तर कळव, नसेल तर मोजे पाठव.
थेन

*

सॅनपीट
२३ फेब्रुवारी १९८८

चि. थेन, आशीर्वाद आणि मोजे सोबत. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. जबरदस्ती नाही. काकांना सांगते.

नवी पिल्लं आली. रात्री उबेच्या शेगड्या विझल्या तर सगळी एका कोपऱ्यात ढीग करून एकमेकांखाली चिरडून मरतात, म्हणून मी शेडमध्येच खाट टाकली आहे. टर्कीइतका मूर्ख जीव देवाने दुसरा केला नाही, असं तुझे बाबा म्हणायचे, आणि मग तुझ्याकडे बघून म्हणायचे, एक केला.

त्या दिवसाबद्दल तुला सांगण्यासारखं माझ्याजवळ आहे. पण ते त्यांनी सांगायचं होतं. मी बोलू की नको, मला कळत नाही. देव सुचवेल तेव्हा बघू.

त्या लेआवासाला माझा नमस्कार सांग. त्याच्या मापाचे मोजे विणायला लोकर पुरणार नाही.

जिव्हाळा कमी न व्हावा.
आई

*

मायनॉटजवळ
७ मार्च १९८८

ती. आईस, थेनचा नमस्कार. वि. वि.

मोजे पावले. आज बाकीची खबर नाही, एकच गोष्ट लिहितो.

इथे हॉल्वर ब्रेक्के म्हणून एक म्हातारे आहेत. बायको गेलेली, एकटे, आणि पक्के लुथरन, म्हणजे दुसऱ्या पंथाचे. आमचं धर्मपुस्तक घेत नाहीत, पण आम्ही दारातला बर्फ उपसलेला चालतो. शुक्रवारी त्यांनी पहिल्यांदाच आत बोलावलं. दरवेळी ते कॉफी विचारतात, आम्ही नाही म्हणतो, आणि मग ते म्हणतात की असल्या थंडीत कॉफीला नाही म्हणणाऱ्या देवाला नॉर्थ डकोटा ठाऊक नसावा. त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती म्हणून त्यांनी लवंग चघळायला घेतली आणि माझ्याजवळ येऊन माझा कोट घ्यायला वाकले.

आई, ते बाबा होते. वास तोच. कॉफीच्या दुकानावरून मी हजारदा गेलोय, मला कधी काही झालं नाही. पण कॉफीवर लवंग, आणि वर त्यांच्या अंगातल्या, कोठारात घालायच्या जुन्या लोकरीच्या कोटाचा वास. मी लहान असताना पहाटे शेडमधून येऊन ते मला उचलायचे, तेव्हा मी नाक खुपसायचो तो हाच वास. मला वाटायचं, बापाला असाच वास असतो.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हंबरडा फोडला. थांबता थांबेना. म्हातारे घाबरले, त्यांना वाटलं कॉफी विचारली म्हणून मी रडतोय. लेआवासाने मला लहान पोरासारखं धरून ठेवलं आणि गायला नाही.

आई, बाबा कॉफी प्यायचे का? आपल्यात कॉफी पिणाऱ्याला मंदिराचा परवाना मिळत नाही, हे मला सांगायला नको. टर्क्या आजारी नव्हत्याच ना? एवढं सरळ लिही. आढेवेढे नकोत.

तुझा,
थेन

*

सॅनपीट
१४ मार्च १९८८

चि. थेन, जवळ असतास तर डोक्यावर हात ठेवला असता. तो ठेवला आहे असं समज. वि. वि.

हो. प्यायचे. सोळाव्या वर्षापासून, मेंढ्यांच्या तळावर सवय लागली. थर्मास दाण्याच्या पिंपात असायचा आणि लवंगा खिशात. त्यांना वाटायचं मला कळत नाही. शर्ट कोण धुत होतं? मला ठाऊक होतं, वॉर्डाला ठाऊक होतं, बिशपना ठाऊक होतं. सगळ्या गावाची अळीमिळी गुपचिळी. तुलाच तेवढं ठाऊक नव्हतं, कारण तुला कळू नये एवढंच त्यांचं मागणं होतं.

तुझं मिशनचं बोलावणं आलं आणि त्यांनी सोडली. डोकं फुटायची पाळी आली, शेडमध्ये दाण्याची बादली स्वतःच्या पायावर घेतली. तरी रेटलं. बिशपकडे परवान्याच्या मुलाखतीला गेले तेव्हा पांढरा शर्ट मी इस्त्री करून दिला होता. त्याच पहाटे टर्क्यांची एक आख्खी शेड गारठून मेली होती. उपसून काढता काढता त्यांनी एक कप घेतला. एकच. बिशपनी नेहमीचा प्रश्न विचारला, नियम पाळतोस ना. लेलँडकाका बाहेर थांबले होते. त्यांनी भावाला आधीच बजावलं होतं, की एक हो म्हणायला तुझं काय जातं, पोराचा दिवस आहे, अर्धा गाव खोटंच हो म्हणतो. तुझे बाबा म्हणाले, आज सकाळी प्यालोय. बिशपना वाईट वाटलं. म्हणाले, थोडे महिने जाऊ देत, मग या. पण तुझा दिवस तर आठवड्यावर आलेला.

घरी येऊन मला म्हणाले, की देवाच्या त्या घरात खोटं बोलून शिरायचं आणि पोराशेजारी जाऊन बसायचं, ते मला जमणार नाही. तुला मात्र सांगायचं नाही. पोराला वाटू दे, बापाला टर्क्यांची पडलीये. बापाची लाज वाटण्यापेक्षा राग आलेला परवडला.

त्या दिवशी आपण आत गेलो तेव्हा बर्फ पडत होता. त्यांनी इंजिन बंद ठेवलं होतं. मी नंतर विचारलं, की गाडी गरम का नाही केली. म्हणाले, मला काय ऊब घ्यायला आणलं होतं? तो मनुष्य तिथून मंदिराच्या दाराकडे बघत बसला होता, थेन. काचेवरचं बाष्प दार दिसेल तेवढंच पुसून ठेवलं होतं. मी बघितलं, तू बघितलं नाहीस. ते एवढं तुला दाखवायला हवं होतं.

लेलँडकाकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. खोटं बोल म्हणणाऱ्याने खरं बोलणाऱ्याच्या नावाने उभं राहायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. पण तू म्हणशील ते. या वेळी खरंच तू म्हणशील ते. आणि घरी यावंसं वाटलं तर ये. लोक काय बोलायचे ते बोलोत, मी गाडी घेऊन डकोटापर्यंत येईन.

माया आटू देऊ नकोस.
आई

*

मायनॉटजवळ
२८ मार्च १९८८

ती. आईस, या वेळी नमस्कार आखूड नाही, पायांवर डोकं ठेवून. वि. वि.

तुझं पत्र खिशात ठेवून दहा दिवस दारं ठोठावली. अजून बरंचसं बधिरच आहे, खोटं कशाला बोलू. पण सुईचं औषध उतरताना दुखायला लागतं ना, तसं मधूनमधून दुखतं. दुखलं की बरं वाटतं.

काल चर्चमध्ये साक्ष द्यायला मला उभं केलं. आपलं नेहमीचं ठरलेलं असतं, मला ठाऊक आहे हे खरं आहे, मला ठाऊक आहे ते खरं आहे. पोपटासारखं तोंडात आलं होतं. मग म्हटलं, मला फारसं ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की माझ्या वडिलांचा त्या घरावर इतका विश्वास होता की ते खोटं बोलून आत गेले नाहीत. बर्फात बाहेर बसले. ज्या दाराला ते इतकं मानत होते, त्या दाराला मीही मानायचं ठरवलं आहे. आणि बसलो. सगळे आमेन म्हणायलाही विसरले. मागच्या बाकावरून लेआवासाने एकट्याने म्हटलं, आणि त्याचा आवाज तुला माहीत नाही, खिडक्या हलल्या.

हॉल्वरआजोबांकडे परत गेलो. त्यांना सगळं सांगितलं. ते आमच्या चर्चला येणार नाहीत, ते त्यांनी पुन्हा एकदा ठणकावलं. मग एक कप भरून रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. कोणी प्यालं नाही. गार होईपर्यंत आम्ही तिघं बसलो.

मी घरी येत नाही. फेब्रुवारीपर्यंत इथेच. पण लेलँडकाकांना आजच सांग, त्यांनी तसदी घेऊ नये. बिशपना माझं नाव दे. परत आलो की पहिल्याच शनिवारी बाबांच्या नावाने मी उभा राहीन. आधी पक्ष्यांना दाणा घालू, मग निघू. गाडी मी चालवीन.

या वेळी गाडीत कोणी बसून राहणार नाही.

लोभ आपल्या तिघांचाही राहो.
थेन