नुसतं गार लागतं

६ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची. देवळाली प्रवराच्या स्टँडवर यशया मास्तर स्वतः मोटरसायकल घेऊन आले होते. बॅग पुढे टाकीवर, प्लॅस्टिकच्या पेल्यांचं खोकं माझ्या मांडीवर आणि दोन्ही बाजूंनी उसाच्या भिंती. मास्तर शाळेतून निवृत्त झालेत, आता शेती बघतात. वस्तीवर ते आणि त्यांच्या पत्नी मरियाबाई, दोघंच. मला मागची खोली दिली आहे. खिडकी उघडली की पानं आत येतात. जेवायला हुलग्याचं शेंगोळं होतं. दोनदा मागून घेतलं.

यंदाच्या अतिवृष्टीनंतर या पट्ट्यात जमिनीवरच्या किड्यांचं काय झालं, ते मला बघायचंय. उसात आणि ओढ्याकाठच्या बाभळींखाली पेले पुरायचे, सकाळी आत कोण पडलं ते पाहायचं. दिवाळीच्या सुट्टीत करण आमच्या निकिताला घेऊन येणार आहे. सात वर्षांची पोर, पण किडा दिसला की आधी हातात घेते. इकडची मोकळी माती तिला फार आवडेल.

८ ऑक्टोबर

बाभळींखाली अपेक्षेप्रमाणे मिळालं: मुंग्या, कोळी, एक गोम, काळे भुंगे. उसातल्या पेल्यांत मात्र एकच जात. तांदळाच्या कणीएवढे, फिकट, बिनडोळ्यांचे. पेले काठोकाठ भरलेले. सगळे हलतात, पण बाहेर पडायची धडपड कुणीच करत नाही.

पुण्याच्या सरांना फोटो पाठवले. त्यांनी लगेच फोन केला. म्हणाले, असलं काही त्यांच्या पाहण्यात नाही, नवी जात असू शकते. करणला सांगितलं की याला निकिताचं नाव देईन. तो म्हणाला, पोर मोठी झाली की तुला माफ करणार नाही. खूप हसलो.

१० ऑक्टोबर

आज एक किडा बोटावर चढला. दुखलं नाही. स्पिरिटचा बोळा फिरवावा तसं वाटलं आणि बोटाचं टोक संध्याकाळपर्यंत बधिर राहिलं. मरियाबाईंना दाखवलं.

"चावत न्हाई ते," त्या म्हणाल्या. "नुसतं गार लागतं."

दुपारी बांधावर एक साळुंकी बसली होती. जवळ गेले तरी उडेना. वाकून पाहिलं तर तांबड्या मुंग्यांनी तिचा एक पाय हाडापर्यंत खाल्लेला, अजून खात होत्या. ती शांतपणे माझ्याकडे बघत होती. डोळा स्वच्छ होता. मेलेले पक्षी मी पुष्कळ पाहिलेत. असं कधी पाहिलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर

बाभळींखालच्या पेल्यांतही आता तेच. फक्त तेच.

सकाळी मरियाबाई भाकरी करत होत्या. पीठ घ्यायला वळल्या तेव्हा डावा तळवा तव्यावर टेकला आणि तिथेच राहिला. मला आधी वास आला. मी हात ओढून काढला. कातडं तव्यावरच राहिलं. त्यांनी तळवा असा पाहिला, जसा शेजारणीचा असावा. मी रडायच्या बेतात. त्यांनीच मला पाटावर बसवलं आणि सांगू लागल्या. त्यांचा सॅम गेल्या साली उसाच्या ट्रॉलीखाली गेला. एकुलता एक.

"रडू पार गळ्यापतुर साचलं हुतं बाई. एक दिवस उसात गेले नि पाचटावर पडून ऱ्हायले. तवापासनं बरं हाय."

मास्तर दारात उभे होते. "मग मलाही हिनंच नेलं," एवढंच म्हणाले. दोघं आता रोज दुपारी वाळलेल्या पाचटात पाय घालून बसतात. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं होतं, सावलीला बसतात.

१५ ऑक्टोबर

सकाळी बॅग भरली आणि निघाले. स्टँडपर्यंत चालत गेले. छातीतली धडधड वाटेतच थांबली. नगरची गाडी आली, दार उघडलं, कंडक्टरने विचारलं. का जायचं ते सगळं आठवत होतं. पण पाय उचलावा असं त्यात काही उरलं नव्हतं. गाडी गेली. बूट काढून पाहिला. मोज्यात तेच. पाऊल तांदळात बुडवल्यासारखं.

परत आले. मरियाबाईंनी चहा झाकून ठेवला होता.

१६ ऑक्टोबर

करणला फोन लावला. येऊ नका, एवढंच सांगायचं होतं. फोन निकिताने घेतला. आई, तुझी आठवण येते, म्हणून रडायला लागली. आणि मला एकदम सगळं आलं — भीती, ती साळुंकी, तव्यावरचा वास, माझी पोर. हुंदक्यांनी बोलता येईना. मी फोन खाली ठेवला.

मरियाबाई जवळ येऊन बसल्या. किड्यांनी भरलेला पेला माझ्या मांडीवर रिकामा केला. "घाल हात. लेकराची आठवण लई वंगाळ."

घातला. मनगटापर्यंत.

मग फोन उचलला. करणला म्हटलं, या. इथे बरं आहे.

१७ ऑक्टोबर

पेले पाहायला गेले नाही. सरांचे फोन येतात. वाजून थांबतात.

मास्तरांचा अंगठा चपलेत राहिला. त्यांनी तो उचलून ओट्याच्या कडेला ठेवला. आम्ही चहा घेतला.

मुंग्या नाहीत. पक्षी आहेत — तारेवर बसून असतात.

१८ ऑक्टोबर

निकिताचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला. येतो. आधार कार्डावरच्या फोटोसारखा. गालावरचा तीळ कुठल्या बाजूला — असू दे.

पेन बोटांत आहे का ते बघून लिहावं लागतं.

१९ ऑक्टोबर

ओट्यावर बसले आहे. गाडी आली.

निकिता उतरली. मला बिलगली. तिचं डोकं माझ्या छातीवर होतं ते दिसलं. चपला काढून उसाकडे पळाली, किडे बघायला. करण विचारतोय, पायाला काय झालंय तुझ्या. हे रक्त कसलं.

हाक मारायला हवी. अशा वेळी आईने हाक मारायची असते. कारणही माहीत आहे — ते मी —

उसातून हसू येतंय तिचं. करण तिकडे धावला.

हसू थांबलं.

रडत नाहीये. सरीत उभी आहे, पावलांकडे बघत. आता करणही उभा —

दोघं शांतपणे माझ्याकडे बघतायत. मी उठून त्यांना तिथून बाहेर का