सोबत आलेल्या गोष्टी

सोमवार, ३
आजपासून वाचनालयात कारकून! टेबल खिडकीशी, खुर्ची मात्र डुगडुगती. शेजारच्या टायपिस्टबाई तासाभरातच माझ्या लग्नाच्या चौकशीवर आल्या, स्वभाव कळला. सभासदांची ओळखपत्रं छापायचा प्रोग्राम मीच बसवला. पडद्यावर पानभर मजकूर. बाई म्हणाल्या, वाचत बसलात तर इथेच म्हाताऱ्या व्हाल, आम्ही सगळे नुसतं ‘पुढे, पुढे’ दाबतो. मीही दाबत सुटले. मध्येच विचारलं होतं, तुमच्या सोबत कोण कोण असतं? गंमत वाटली. ऑफिसात टायपिस्टबाई, घरी ताई, असं भरलं. आई गेल्यावर ताईनेच मला लहानाचं मोठं केलं. तिचं नाव खरं तर आधी हवं होतं.

बुधवार, ५
त्या प्रोग्रामबरोबर एक ‘मदतनीस’ घुसलाय. दर पाच मिनिटांनी विचारतो, काही हवंय का? साहेब म्हणाले, ही ब्याद काढा. काढायला गेले तर एकच बटण ठसठशीत: ‘शिफारस केलेली पद्धत’. खाली बारीक अक्षरांत काहीतरी, खूण आधीच केलेली. दाबलं ‘पुढे’. इडापिडा टळली.

गुरुवार, ६
टायपिस्टबाई नाहीत. त्यांचं टेबलही नाही. साहेब म्हणतात, आपल्याकडे टायपिस्ट होती कधी? शिपाईही तेच म्हणाला. थट्टा वाटली, पण कोणी हसेना. मग ती बारीक अक्षरं शोधून वाचली: ‘सोबत आलेल्या गोष्टीही काढून टाका.’ सोमवारी ‘सोबत कोण’मध्ये त्यांचं नाव मीच भरलं होतं.

शुक्रवार, ७
पडद्यावर — ‘काढण्याचं काम अर्धवट आहे.’ खाली एकच नाव. ताई. खूण पुसते, परत उमटते. ‘थांबवा’ फिकट, दाबलंच जात नाही. वायर उपटली. घरी फोन केला. ताई म्हणाली, डबा विसरलीस, वेंधळी कुठली. आहे. अजून आहे.

शनिवार, ८
शिपायाने वायर लावली. चाळीस टक्के. दुरुस्तीवाला म्हणतो, मध्येच थांबत नाही, होऊ द्या पूर्ण. संध्याकाळी शेजारीण आली, माझ्याशीच बोलली. ताई समोर उभी होती. ती गेल्यावर ताईने विचारलं, माझं काही चुकलं का गं? काय सांगू — मीच तुझं नाव —

रविवार, ९
ऑफिस बंद. कुलूप. किती टक्के झाले —
ताईला धरून बसलेय. उजव्या भुवईवर व्रण. शिंकते ती नेहमी तीनदा. लिहून ठेवते. सगळं लिहून — तिचा हात हलका लागतोय — ताई, अगं —

सोमवार, १०
वर माझ्याच अक्षरात कोणा ताईबद्दल लिहिलंय. मी तर एकुलती एक. मग रडू का आवरत नाही? आणि माझी ही वेणी — मागून घातलेली, घट्ट, पाच पेडांची — मला तर अशी घालता —