तीन मिनिटं झाली

प्रिय ठमे,

रविवारी तुझ्या लेकीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग एकदम रडायलाच लागली. आई दोन महिने घराबाहेर पडली नाही म्हणाली, आठवडाभर तर खोलीचं दारही लावूनच घेते. छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, जीव चालला असं वाटतं, म्हणून तुला दोनदा हॉस्पिटलात नेलं, आणि दोन्ही वेळा हृदय ठणठणीत निघालं. आता म्हणे तू तिला सांगतेस, मला वेड लागतंय, कुणाला बोलू नकोस, मावशीला तर मुळीच नको. अगं, या बाबतीत या मावशीहून जाणकार तुला कोण मिळणार होतं?

टेलिफोन एक्स्चेंजमधली आपली ती लांबलचक खोली आठवते ना? अकरा जणी ओळीने बसलेल्या, कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि पाठीमागे येरझारा घालणाऱ्या हेडबाई. मला नोकरीला लागून चार महिने झाले होते. भर दुपारी कुणाचा तरी कॉल जोडता जोडता माझा घसा आवळला, बोटांना मुंग्या आल्या आणि हातातली वायर सुटली. मी मरतेय याची मला शंभर टक्के खात्री होती. मी जिन्याकडे पळाले तेव्हा हेडबाई म्हणाल्या, ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस!’ सगळ्या हसल्या, आणि त्या दिवसापासून मी भित्री भागूबाई झाले. हसली नाहीस ती तू एकटी. तू मागोमाग आलीस, पायरीवर टेकलीस, घड्याळात बघत राहिलीस, आणि ट्रंककॉलच्या गिऱ्हाइकांना दर तीन मिनिटांनी विचारायचो त्या मधाळ आवाजात म्हणालीस, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?’ मरायला टेकलेली मी, मला हसू फुटलं. सहाव्या मिनिटाला पुन्हा तेच. नवव्या मिनिटाला मी म्हणाले, नको, ठेवा आता.

पुढे कितीदा तरी झालं तसं, पण बारा मिनिटांपुढे एकदाही गेलं नाही. तेवढा वेळ तिकडे तुझा बोर्ड बोंबलत असायचा आणि परत गेल्यावर बोलणी तू खायचीस. पोटात दुखत होतं म्हणायचीस. शेवटी तुझ्या पोटाच्या काळजीने हेडबाईंनीच तुला डॉक्टरकडे धाडलं होतं! किती हसलो होतो आपण त्या दिवशी. त्या जिन्याइतकी सुरक्षित जागा मला नंतर कुठे मिळाली नाही.

याला पॅनिक अटॅक म्हणतात हे आपल्याला कुठे माहीत होतं? आपण आपलं ‘पाहुणी आली’ म्हणायचो. नाव मला खूप उशिरा एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, घरात चोर शिरलेला नाही, नुसतं कुत्रं भुंकत सुटलंय. दगड मारलात तर जास्त भुंकेल, भुंकू दिलंत तर दमून गप्प बसेल. तेव्हा तूही झटापट करू नकोस. श्वास घेतेस त्यापेक्षा सावकाश सोड, आणि घड्याळात बघ. मात्र या पाहुणीच्या भीतीने एकेक जागा सोडू नकोस. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, तशातली गत होते. आज बाजार सोडलास, उद्या अंगण सुटतं. त्या डॉक्टरीणबाईंसारखं कुणीतरी तुमच्याकडेही असेल. लेक नेते म्हणतेय तर मुकाट्याने जा. तुला वेड लागलेलं नाही, ठमे. तुझा नवरा गेलाय आणि तू वर्षभर धड रडलीसुद्धा नाहीस.

एवढं शहाणपण शिकवतेय, तर आता खरंही सांगते. भाऊजी गेले तेव्हा मी आले नाही. गुडघा धरलाय म्हणून कळवलं. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी भर गर्दीत बसमध्ये मला अटॅक आला, आणि तेव्हापासून मी बसची पायरी चढले नव्हते. त्या दिवशी बॅग भरून स्टँडपर्यंत आले होते. तीन गाड्या सोडल्या आणि घरी परतले. जी बाई माझ्यासाठी इतकी वर्षं जिन्यात बसली, तिच्या सगळ्यात वाईट दिवशी मी खोटं बोलून घरात बसले, याची मला फार लाज वाटते. तुझ्या लेकीचा फोन आल्यापासून रोज बसमध्ये बसतेय. सोमवारी एकच थांबा गेले. काल शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. घामाने भिजले, कंडक्टरने स्वतःची पाण्याची बाटली दिली, पण उतरले नाही. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. सात तासांचा रस्ता आहे, त्यात काय काय होईल ते होवो. स्टँडवर यायला जमलं नाही तर येऊ नकोस, पत्ता आहे माझ्याकडे. दार मात्र तूच उघड.

तुझीच,
भागूबाई