मागं पाहू नोको

बाबा, तुमचं बटण मी काढून टाकलं होतं. गाडी तापू नये म्हणून रेडिएटरच्या पंख्याची वायर डायरेक्ट करून तुम्ही डॅशबोर्डखाली बसवलेलं ते लाल बटण. इंजिनाच्या तापमानाची सुई चढली की पंखा आपल्या हातानं लावायचा, हा तुमचा हट्ट. तुमच्या प्रत्येक गाडीत तो होता, शेवटी माझ्याही गाडीत आला. तुम्ही गेल्यावर मी मोठा रेडिएटर आणि आपोआप सुरू होणारा पंखा बसवून घेतला. म्हटलं, सुटले एकदाची त्या कटकटीतून.

ती कटकट माझ्यामागे कधी लागली, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी शाळकरी पोर, तुमच्या शेजारी बसलेली. मागच्या सीटवर मावशीच्या मांडीवर आई, तापानं फणफणलेली. सडक अर्जुनीहून गोंदियाच्या दवाखान्याकडे गाडी धावते आहे, आई काहीतरी पुटपुटते, मी वळते आणि तुम्ही खेकसता, "मागं कायले पाहून राहिली? मागं पाहू नोको. सुई पाह अन् सांग!" मी रडत रडत सुई सांगत राहिले. दवाखान्यात मला कुणी आत नेलं नाही आणि आई परत आली नाही. तिचा चेहरा तुम्ही मला पाहू दिला नाहीत, याचा राग मी इतकी वर्षं धरून आहे. तुमच्या चितेपाशीसुद्धा तो गेला नव्हता.

परवा, ऐन मे महिन्यात, तुमच्या नातीला कळा सुरू झाल्या. जावई बाहेरगावी, म्हणून त्याच रस्त्यानं गोंदियाच्या दवाखान्याकडे गाडी मीच काढली. गोरेगाव सोडलं आणि पुढे ट्रक आडवा झालेला. रांग थांबली, सुई चढू लागली आणि माझा नवा, शहाणा पंखा काही फिरेना. हात डॅशबोर्डखाली गेला, तिथं नुसतं भोक. इंजिन बंद करावं, तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. मग तुमचा दुसरा वेडेपणा आठवला: एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल, म्हणजे इंजिनाची आग आपण अंगावर घ्यायची.

"आई, भाजून राहिली मी! बंद कर ना वो!" पोरगी मागून किंचाळली.

"नाही. सुई दिसते का तुले? सांगत राह."

माझ्या सीटला गच्च धरून ती कळा सोसत सांगू लागली, "वरच हाय... वरच हाय... आई, उतरून राहिली!" रांग हलली, वारा लागला, गोंदियाला लागून असलेलं फुलचूर आलं आणि मी श्वास सोडला.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आईनं सुईत गुंतवलं म्हणून धीर सुटला नाही, असं पोरगी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगते. उद्या मिस्त्री तुमचं बटण परत बसवणार आहे. हा कागद मी गाडीच्या कप्प्यात टाकून देईन, दुसरीकडे कुठे टाकणार?

पोरीला मात्र मी खरं सांगितलेलं नाही. आरशातूनसुद्धा मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, इतकी मी घाबरले होते. सुई तर मला समोरच दिसत होती.

तुम्हालाही दिसत होती ना, बाबा?