सात नंबरचं दार

३ जून
आले एकदाची सावद्याला! धुळ्यात आई अजून फुगून बसली असेल, बसू दे. गिरधरनानांचं केळी पिकवायचं केंद्र, सात मोठे बंद चेंबर, आणि ऑफिसभर पिकल्या केळीचा वास. इथे एकाच कॉम्प्युटरच्या पोटात सात आभासी कॉम्प्युटर चालतात, आमच्या भाषेत मशीन. एकेका चेंबरची थंडी, केळी पिकवायचा गॅस आणि दार एकेकाकडे. त्या सगळ्यांवर देखरेख करणारं सॉफ्टवेअर खुल्या सोर्सचं, फुकटातलं, पण मोठं गुणी. माझ्याआधीच्या हितेंद्रने झकास बसवलंय. तो कुठे गेला विचारलं तर नाना म्हणाले, न सांगता पळाला. मोहिनी, तू तरी टिक.

५ जून
चेंबर भरणारे लोटनआबा आमच्या धुळ्याकडचेच निघाले. त्यांनी जुनी रीत सांगितली. दार लावण्याआधी आत तोंड करून तीनदा ओरडायचं, “मझार कोनी शे का?” म्हणजे आत कुणी आहे का. आतली हवा केळीसाठी, माणसासाठी नाही. दारं कॉम्प्युटरवर गेली आणि नानांनी हाक बंद केली. वेळ जातो म्हणे! मला आवडलं नाही.

८ जून
सॉफ्टवेअरच्या यादीत आज आठवं मशीन. नाव ‘हितेंद्र’. पुसलं. चहा पिऊन आले, तर परत हजर. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. नव्या बाईची टिंगल चाललीय म्हणून मी ऑफिसभर तणतणले. मग त्या मशीनचा पडदा उघडला. काळा. दर मिनिटाला एक ओळ: दार उघडा.
तेवढ्यात फाटकावर कुणी पुष्पाबाई आल्या, मुलाची चौकशी करत. मी कामात होते, हातानेच जा म्हटलं.

११ जून
सात नंबरचा चेंबर बिघडलाय म्हणून रिकामा ठेवलाय, हे नानांचं सांगणं साफ खोटं. मशीन धडधाकट आहे, फक्त १४ मेच्या नोंदी कुणीतरी पुसल्यात. आबांना खडसावलं तर म्हातारा रडायला लागला. म्हणाला, त्या दिवशी हितेंद्र सेन्सर बदलायला आत गेला, ठरल्या वेळी दार आपोआप लागलं. हाक कुणी मारलीच नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी त्याचं प्रेत गाडीत घालून कुठे नेलं, आबांना माहीत नाही.
पुष्पाबाई त्याची आई. दर सोमवारी येते. तिला मी हाकललं! तळपायाची आग मस्तकात गेलीय. तिला सगळं कळलंच पाहिजे, पुराव्यासकट.

१५ जून, सोमवार
सात नंबरचं मशीन १४ मेच्या दुपारच्या जुन्या प्रतीवर मागे नेलं. सगळ्या नोंदी सापडल्या. सकाळी अकरा वीसला दार बंद. मग आत अडकलेल्यासाठी असते ती घंटा एकेचाळीस वेळा दाबलेली. ती ऐकू कशी आली नाही? आबा म्हणाले, नानांनीच कटकट नको म्हणून तिची बाहेरची वायर काढून ठेवली होती. नीच माणूस!
आबांना फाटकावर पाठवलंय, पुष्पाबाईंना थांबवायला. तोवर आतल्या घंटेचा फोटो काढून येते.

आत आहे. दार लागलं.
मूर्ख मी. मशीनला वाटतंय आज १४ मे आहे, पिकवणं चालू आहे, दार बंदच हवं. वेगळी प्रत करून त्यात जुन्या नोंदी उघडायला हव्या होत्या. रागात केलं सगळं.

फोन लागत नाही. लॅपटॉप सेन्सरच्या वायरला जोडला. दार उघड म्हटलं तर उत्तर येतं, पिकवणं चालू. गॅसचा आवाज—

घंटा दाबतेय. तीस. पस्तीस. एकेचाळी—

यादीत नववं मशीन. नाव रिकामं. एकेक अक्षर उमटतंय. मो—

आबांची हाक! नाही. बाहेरून नाही. रिकाम्या क्रेटांमागून. मझार कोनी शे का—
शे! मी शे!

दुसरी हाक. जवळून.

वही ज्याला सापडेल त्याने पुष्पाबाईंना द्या. नानांना नाही. बाईंना सांगा, तुमचा हितेंद्र पळाला नव्ह—