एर्लांगेनच्या अंगणातल्या जपानी नकला

आई, जपानी गाणाऱ्यांच्या नकला करून मी एकदा अंगणभर जर्मन माणसांना हसवलं आणि एका जपानी गृहस्थांना खुर्चीतून उठवलं, हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगणार तरी कशी? मी जर्मनीत आले तेव्हा तुला जाऊन काही वर्षं झाली होती. तू मला शेवटचं पाहिलंस ते साताऱ्यात, इंजिनिअरिंगच्या पुस्तकात डोकं खुपसून बसलेली आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारी. ती मुलगी परक्या देशात माइक हातात घेऊन उभी राहिली, यावर तू विश्वास ठेवला असतास का, कोण जाणे. मला वाटतं, तूच ठेवला असतास.

कारण हे माझ्यात आलं ते तुझ्याकडून. पोळ्या लाटता लाटता तू गॅसवाला व्हायचीस, समोरच्या वकीलबाई व्हायचीस, माझ्या गणिताच्या सरांना तर तू पालकसभेत एकदाच पाहिलं होतंस, तरी घरी येऊन त्यांचं खडू झटकणं असं केलंस की मला ठसका लागला. आवाज निघायच्या आधी तुझी मान बदलायची. मी पाचवीत असताना शेजारच्या हळदीकुंकवात बायकांनी फार आग्रह केला म्हणून तू उठलीस आणि नगराध्यक्षांचं भाषण करून दाखवलंस. बायका डोळे पुसत होत्या. मला न्यायला आलेले बाबा दारात उभे होते, ते तुला दिसलंच नाही. घरी आल्यावर ते ओरडले नाहीत. चपला काढता काढता एवढंच म्हणाले, "हेडमास्तरांच्या बायकोला हे शोभत नाही." ओरडले असते तर तू उलट काही बोलली असतीस. त्यानंतर चार माणसांत तू कधी कोणाचा आवाज काढला नाहीस. स्वयंपाकघराचं दार मात्र लोटून घ्यायला लागलीस, आणि प्रेक्षक म्हणजे मी एकटी.

मी तुझ्याकडे शिकायचं म्हणून शिकले नाही, बघत बसले, एवढंच. एकदा वर्गातल्या एका तोतऱ्या मुलीची नक्कल करून दाखवली तर तुझं लाटणं थांबलं. "तिच्यावर जीव आहे का तुझा?" तू विचारलंस. मी म्हटलं, नाही. "मग ती नक्कल नव्हे, ते चिडवणं झालं. ज्याच्याकडे बघत बसावंसं वाटतं, त्याचीच नक्कल करावी." आणि दहावीच्या निकालानंतर सगळ्यांना वाटलं होतं तू मला घड्याळ देशील, तर तू छोटा टेपरेकॉर्डर आणलास. म्हणालीस, दुसऱ्याचा आवाज काढायचा तर आधी स्वतःचा ऐकून घे. मी ऐकला आणि आठवडाभर कोणाशी बोलले नाही, इतका तो मला चिरका वाटला.

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट असेल. एर्लांगेनला मी डॉक्टरेट करत होते. कामात चांगली होते, पण जर्मन अशी अडखळत बोलायचे की सेमिनारमध्ये शेवटच्या रांगेत बसायचे. आमचे प्राध्यापक माणूस म्हणून मोकळे, पण एकदा सर्वांसमोर म्हणाले होते, "तुमचे निष्कर्ष उत्तम आहेत, फक्त ते ऐकू येत नाहीत." सगळे हसले, मीही हसले, आणि सायकलवरून घरी येताना सगळा रस्ता रडले. विद्यार्थ्यांच्या वोनहाइममध्ये, म्हणजे वसतिगृहात, माझ्या मजल्यावर आमच्याच इन्स्टिट्यूटमधली एक जपानी मुलगी राहायची. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एकच. ती माझ्याहून अबोल. संध्याकाळी भात लावायची आणि लॅपटॉपवर तिच्या आईने पाठवलेल्या गाण्यांच्या डीव्हीडी बघत एकटी जेवायची. मी शेजारी आमटी ढवळत बघायचे. शब्द एक कळत नव्हता, पण एक गायिका होती, पन्नाशीची, किमोनोतली, बंदराची आणि बर्फाची दुःखी गाणी म्हणणारी. वरचा सूर लावायच्या आधी ती थांबायची, आवंढा गिळायची, बाजूला बघायची, आणि मगच सोडायची. मी तिच्याकडे बघतच राहायचे, आई. एके दिवशी नकळत मी डाव हातात धरून थांबले, आवंढा गिळला, बाजूला बघितलं. ती मुलगी चॉपस्टिक्स हातातच धरून माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की टेबलावर डोकं ठेवलं. मला म्हणाली, "पुन्हा कर."

तिथून सुरू झालं. तिने माझ्याकडून शब्द घोटून घेतले, मी तिला हसवलं. दोन्ही हातांत माइक धरून, गुडघे जुळवून उड्या मारणारी एक पोरसवदा गायिका मी बसवली. दाढ दुखत असल्यासारखा गाणारा, एका डोळ्यावर केस ओढलेला एक देखणा गायकही बसवला. आधी मजल्यावरच्या पार्टीत, मग कोणाच्या वाढदिवसाला, मग इन्स्टिट्यूटच्या नाताळच्या जेवणात. जर्मन लोकांना त्यातले गायक माहीत नव्हते, तरी ते हसायचे, कारण माणूस खरा दिसला की ओळखीचा वाटतो. पुढच्या वर्षी उन्हाळी स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमात माझं नाव मला न विचारताच घातलं होतं.

आणि नेमके त्याच आठवड्यात तिचे वडील जपानहून आले. तिने पहिल्या हिवाळ्यात घरी फोनवर रडून सांगितलं होतं की मला इथे राहवत नाही. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतं, की जाऊन हिला घेऊन यायचं. आता तिला जायचं नव्हतं, पण ते वडिलांना सांगायची तिची छाती होत नव्हती. अंगणात ग्रिल पेटलेलं, भर दुपारचं ऊन, आणि ते गृहस्थ काळ्या सुटात, हात गुडघ्यांवर ठेवून, पहिल्या रांगेत ताठ बसलेले. मी किमोनो म्हणून बाथरोब घालून त्यावर ओढणी आवळत होते, तेवढ्यात ती पळत आली. "आज नको. त्यांना वाटेल, मी इथे आपल्याच लोकांची थट्टा करायला शिकले." बाहेर प्राध्यापक माइकवरून सांगतही होते, "आल्झो, तर आता आपला आवडता कार्यक्रम!"

तुझं ते लाटणं थांबलेलं आठवलं. मी तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर," आणि तशीच, बाथरोबमध्ये, तिच्या वडिलांसमोर जाऊन वाकले. "यांना सांग, मला ही गायिका फार आवडते. यांची परवानगी असेल तरच गाईन." तिने ते जपानीत सांगितलं. त्यांनी माझ्या ओढणीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि एकच शब्द बोलले. ती म्हणाली, "गा म्हणतात."

मी गायले. पहिलं कडवं संपलं तरी कोणी हसेना. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी वरच्या सुरापाशी आले, थांबले, आवंढा गिळला, बाजूला बघितलं. आणि आई, त्या ताठ माणसाच्या तोंडून "हं!" असा आवाज निघाला, त्यांनी मांडीवर थाप मारली आणि हसत सुटले, चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग सगळं अंगण हसलं. गाणं संपायच्या आत ते मोठ्याने काहीतरी ओरडले. ती म्हणाली, "हात खाली म्हणतात! ती हात एवढा वर नेत नाही!" आणि ते स्वतः उठून हात दाखवायला पुढे आले. हात दाखवला, आणि परत जाऊन बसलेच नाहीत. कोटाचं बटण सोडलं, एक हात खिशात घातला, आणि त्यांच्या तरुणपणीच्या कुठल्याशा गायकाचा घोगरा आवाज असा काढला, की आमचे प्राध्यापक बाकावर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ती माझं मनगट घट्ट धरून म्हणत होती, "मी यांना असं कधी पाहिलं नाही. कधीच नाही." शेवटी तिसरा गायक आम्ही दोघांनी मिळून केला, मी दाढदुखी आणि ते केस.

दोन दिवसांनी ते एकटेच परत गेले. स्टेशनवर तिला म्हणाले, डॉक्टर होऊनच ये. आणि पुढच्या सेमिनारला मी पहिल्या रांगेत बसले. जर्मन तशीच अडखळती होती, पण माझ्या पाळीला मी उभी राहिले आणि माझे निष्कर्ष शेवटच्या रांगेपर्यंत ऐकवले. प्राध्यापक म्हणाले, "गेनाऊ! अगदी असंच!" त्या वर्षी परिषदेत आमच्या गटाचं काम मीच मांडलं.

त्या रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, शोभत नाही म्हणतील. पण त्यांनी विचारलं, "तुझी आई माझी पण करायची का गं?"

"करायची. सगळ्यांत छान तुमचीच करायची."

"काय करायची?"

मी त्यांचं ते चपला काढता काढता बोलणं करून दाखवलं, तू करायचीस तसंच. मग बाबा हसले, इतके की त्यांना खोकला लागला, आणि म्हणाले, "चार लोकांना दिसायला हवं होतं ते."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहून टाकते. त्या दिवसाची गोष्ट मी लोकांना सांगते तेव्हा म्हणते, की आईचं राहून गेलेलं मी पुरं केलं. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. पण त्या अंगणात टाळ्या वाजत होत्या ना, तेव्हा मला तुझी आठवण अजिबात आली नव्हती. मला फक्त इतकंच वाटत होतं, की या सगळ्या माझ्या आहेत, आणि अजून वाजू देत.